गुलमर्गच्या स्की, पुण्याचा पावसाळा: घरच्या घरी केलेल्या देखभालीच्या प्रकल्प नोंदी

१७ मार्च २०२४, रविवार

काल संध्याकाळी गुलमर्गहून परत आले. झेलम एक्स्प्रेसमध्ये दोन रात्री स्कीची पिशवी वरच्या बर्थवर माझ्या पायांशी होती, आणि शेवटच्या दिवशीचा ओला बर्फ पुसून टाकण्याइतका वेळ न मिळाल्याने पिशवी बंद करताना आतले कापड ओलेच होते. आज सकाळी गॅलरीत पिशवी उघडली तेव्हा दोन्ही जोड्यांच्या पोलादी कडांवर टोकापासून शेपटापर्यंत नारिंगी गंज चढलेला होता. काही ठिकाणी तो बोटाने पुसला जात होता, पण जिथे दोन स्कींचे तळ एकमेकांना टेकले होते तिथे त्याचे बारीक ठिपके धातूत रुतले आहेत.

गेल्या वर्षी याच स्की मी तशाच माळ्यावर टाकल्या होत्या आणि डिसेंबरात काढल्या तेव्हा काळा तळ पांढुरका व कोरडा पडला होता. त्यावरून एवढे समजले आहे की, पुण्यात राहून स्कीइंग करणाऱ्या माणसाच्या स्की वर्षातले दहा-बारा दिवस बर्फावर असतात आणि उरलेले सगळे दिवस उन्हाळा व पावसाळा सोसतात. परदेशी पुस्तिकांत स्कीच्या तळाला मेण लावण्याचे जे वर्णन असते ते उद्या सकाळी उतारावर जायचे आहे असे गृहीत धरून लिहिलेले असते. मला स्की जूनपासून ऑक्टोबरपर्यंत सांभाळायच्या आहेत. म्हणून या वर्षी रीतसर नोंदी ठेवायच्या आणि पाऊस सुरू होण्याच्या आत सगळे काम संपवायचे असे ठरवले आहे.

आज फक्त कोमट पाण्याच्या ओल्या फडक्याने माती पुसली, सुती कापडाने कोरडे केले आणि पंख्याखाली दिवसभर उभे ठेवले. उन्हात मुद्दाम ठेवले नाही.

२३ मार्च, शनिवार

आज पाहणी केली. माझी जोडी १६५ सेंटिमीटरची आहे, भाचीची १५० ची, आणि तिसरी एक जुनी, बाइंडिंग (बूट स्कीवर पकडून ठेवणारा भाग) काढलेली भंगार जोडी गुलमर्गमध्ये भाड्याने स्की देणाऱ्या एका दुकानदाराने फुकट दिली होती. ती प्रयोगासाठी आहे. जे काही बिघडायचे ते आधी तिच्यावर बिघडावे असा नियम केला आहे.

भोसरीच्या टूलरूममध्ये माझे रोजचे काम तपासणीचे असल्याने पोलादी पट्टी तळावर आडवी ठेवून उजेडाकडे धरणे हे हाताला आपोआप येते. माझ्या उजव्या स्कीच्या शेपटाकडे पट्टीखालून मध्यभागी उजेडाची रेघ दिसते, म्हणजे तळ किंचित खोलगट आहे, आणि ०.०५ मिलिमीटरचे फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, तिथे जेमतेम सरकते. तळ सपाट करायला दगडी चाकाचे यंत्र लागते, हातकानशीने तो आणखी वाकडा होण्याचीच शक्यता जास्त, म्हणून त्याला हात लावणार नाही.

भाचीच्या डाव्या स्कीच्या तळावर खडकाने ओढलेला ९ सेंटिमीटर लांबीचा चरा आहे. नखाला लागतो, पण आतला लाकडी गाभा किंवा काचतंतूचा थर दिसत नाही, हे नशीब. गाभा उघडा पडला असता तर पावसाळ्याची दमट हवा त्यात शिरून पुढच्या वर्षी थर सुटू लागले असते.

३१ मार्च, रविवार

कडा. हे काम मला येते असे मला वाटत होते, आणि म्हणूनच पहिली चूक इथेच झाली.

दुकानातून मिळालेल्या कागदावर तळाच्या बाजूने १ अंश आणि बाजूच्या अंगाने २ अंश उतार असे लिहिले आहे. ९० मधून २ वजा आणि १ अधिक, म्हणजे प्रत्यक्ष धारेचा कोन ८९ अंशांचा होतो. तळाकडचा उतार मी कानशीने करणारच नाही, कारण तो एकदा वाढला की कमी करण्यासाठी अख्खा तळ घासावा लागतो. बाजूच्या उतारासाठी ॲल्युमिनियमच्या अँगलचा मार्गदर्शक बनवला: ६० मिलिमीटरच्या पायाखाली एका टोकाला २.१ मिलिमीटर जाडीची पट्टी चिकटवली की २ अंश मिळतात. हिशोब बरोबर होता, पट्टी मात्र उलट्या टोकाला चिकटवली गेली.

हे कळले ते काळ्या मार्करमुळे. भंगार स्कीच्या कडेवर मार्कर फिरवून कानस दोनदा ओढली आणि भिंग लावून पाहिले, तर तळाला लागून असलेल्या कोपऱ्यावरची शाई गेली होती आणि तळापासून दूरची तशीच होती. व्हायला हवे होते नेमके उलटे. आणखी दहा वेळा ओढली असती तर तळाशी ८८ ऐवजी ९२ अंशांचा कोन करणारी बोथट कड तयार झाली असती. पट्टी काढून दुसऱ्या टोकाला लावली. टूलरूममध्ये एखाद्या शिकाऊ मुलाने हे केले असते तर मी त्याला काय ऐकवले असते ते इथे लिहीत नाही.

दुसरी गोष्ट माहीत असूनही हाताने पुन्हा शिकवली. खडकावर आपटलेल्या जागी कानस सरकते, कापत नाही, आणि आवाजही बदलतो, खरखरीऐवजी काच घासल्यासारखा येतो. त्या जागचे पोलाद आघाताने कडक झालेले असते, आणि तिथे जोर केला तर कानशीचेच दात जातात. तिथे आधी १०० ग्रिटचा हिऱ्याचा पत्थर पाण्यात बुडवून फिरवायचा आणि कडक कवच गेल्यावर मग कानस लावायची. माझ्या दोन स्कींवर अशा अकरा जागा निघाल्या. त्यानंतर २००, ४०० आणि ६०० ग्रिट, आणि शेवटी रबरी पत्थराने बर, म्हणजे कडेवर उठलेली धातूची बारीक कोर, पुसून काढली. टोकाकडचे आणि शेपटाकडचे बर्फाला न टेकणारे काही सेंटिमीटर मुद्दाम बोथट केले, म्हणजे वळताना कड अवचित अडकत नाही.

गंजाचे रुतलेले ठिपके बहुतेक गेले. जे राहिले त्यांच्यासाठी धातू आणखी काढायचा नाही असे ठरवले. कड ही पेन्सिलसारखी आहे, जेवढी तासावी तेवढी संपते.

९ एप्रिल, गुढीपाडवा

सुट्टी असल्याने सकाळची पूजा आटोपून रविवार पेठेत गेले. पाटावर ओतलेल्या लादीसारखे साधे पॅराफिन मेण दोन किलो घेतले. तयार मेणबत्त्या घेतल्या नाहीत, कारण त्यांत रंग, सुवास आणि कडकपणा आणणारी इतर द्रव्ये असतात. पितळी तारांचा मऊ ब्रश कुठे मिळेल हा प्रश्न होता, तो सोन्या मारुती चौकाजवळ सराफी हत्यारे विकणाऱ्या दुकानात सुटला. चांदीची भांडी रिठ्याच्या पाण्यात घासायला सोनार जो ब्रश वापरतात, तोच स्कीच्या तळातले जुने मेण उकरायला चालतो. दुकानदाराने काय घासायचे आहे ते विचारले, मी सांगितले, आणि त्याने शांतपणे दोन ब्रश बांधून दिले.

खरडणीसाठी पाट्या बनवणाऱ्याकडून ५ मिलिमीटर जाडीच्या ॲक्रिलिकचा तुकडा आणला आणि त्याच्या कडा काटकोनात घासून घेतल्या. धातूची खरडणी मेणावर वापरू नये, ती तळही सोलते.

१४ एप्रिल, रविवार

इस्त्री. आईने घरातली चांगली इस्त्री देण्यास नकार दिला. "अगं, त्याच इस्त्रीने मग माझ्या साडीला मेण लागेल ना," हे तिचे म्हणणे निर्विवाद असल्याने जुन्या बाजारातून वाफेची भोके नसलेली, जुनी, जड इस्त्री आणली. वायर बदलली, तीन पिनांची जोडणी तपासली, अर्थिंग बघितले आणि मगच लावली.

तळ अतिउच्च रेण्वीय भाराच्या पॉलिथिलीनचा असतो आणि तो १३० ते १३५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो. माझ्याकडच्या मेणाच्या वेष्टनावर इस्त्री १३० अंशांवर ठेवा असे छापले आहे. वाचताना हे परस्परविरोधी वाटते. ते चालते ते दोन कारणांनी: इस्त्री आणि तळ यांच्यामध्ये वितळलेल्या मेणाचा थर असतो, आणि इस्त्री कधीच एका जागी थांबत नाही. यातले एक कारण जरी गळले तरी तळ भाजतो.

ते आज पाहिलेच. कामावरून आणलेले तापमान मोजायचे थर्मोकपल इस्त्रीच्या बुडाला टेकवून अर्धा तास आकडे लिहून काढले. खटका रेशमाच्या खुणेवर असताना तापमान ११६ पर्यंत उतरे आणि १५४ पर्यंत चढे, कारण आतली द्विधातू पट्टी उशिरा तुटते आणि उशिरा जुळते. कपड्यांना त्याने फरक पडत नाही. मग भंगार स्कीवर मेण ओतून इस्त्री फिरवायला घेतली आणि नेमका दाराची घंटा वाजली. चार-पाच सेकंद हात थांबला असेल. त्या जागी मेणातून निळसर धूर निघाला, आणि थंड झाल्यावर खरडून पाहिले तर इस्त्रीच्या टोकाच्या आकाराचा चकचकीत डाग दिसला. बाकीचा तळ मंद काळा, त्यावर ब्रशच्या बारीक रेषा, आणि हा डाग मात्र पत्र्यासारखा गुळगुळीत. त्यावर पुन्हा मेण ओतले तर ते आत न जाता वरचेवर सरकले. तळातली सूक्ष्म पोकळी बंद झाली की मेण मुरायला जागाच राहत नाही.

घंटा खालच्या मजल्यावरच्या काकांनी वाजवली होती. त्यांना कसला वास येतोय ते विचारायचे होते.

२८ एप्रिल, रविवार

तापमान सावरण्याचा उपाय कामाच्या ठिकाणीच सापडला. स्कीसाठीच्या खास इस्त्रीचे बूड बरेच जाड असते. जाड धातू उष्णता साठवतो आणि चढउतार मवाळ करतो. भंगारातली १२ मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची प्लेट घेऊन तिची एक बाजू सपाट घासली, दुसरीच्या कडा गोल केल्या आणि इस्त्रीच्या बुडाखाली बाहेरून चार चिमट्यांनी आवळली. बुडात भोक पाडले नाही, कारण आत तापणारी पट्टी कुठून जाते ते बाहेरून दिसत नाही.

वीस मिनिटे तापू दिल्यावर प्लेटच्या खालच्या बाजूचे आकडे १२४ ते १३१ च्या दरम्यान राहिले. खटक्याच्या जागी लाल रंगाची खूण केली. वजन वाढल्याने मनगट दुखते, पण इस्त्री आपल्याच भाराने सरळ चालते, हा फायदा अपेक्षित नव्हता.

५ मे, रविवार

आज भाचीला बोलावून दोघींनी मिळून तळ स्वच्छ केले. पद्धत अशी की पॅराफिन इस्त्रीला टेकवून तळावर थेंबांच्या दोन रांगा पाडायच्या, इस्त्री टोकाकडून शेपटाकडे सावकाश एकसारखी न्यायची आणि मेण गोठण्याआधी, गरम असतानाच खरडायचे. मेणाबरोबर मळही वर येतो. पहिल्या हाताला निघालेले मेण चहाच्या रंगाचे होते, दुसऱ्याला फिकट, तिसऱ्याला जवळपास पांढरे. स्कीच्या वरच्या पृष्ठावर हात ठेवून बघत राहायचे. तो कोमट लागला पाहिजे, चटका बसता कामा नये. भाचीचा वेग माझ्यापेक्षा चांगला आहे, कारण ती घाई करत नाही आणि मी बोलत असते.

चरा बुजवण्यासाठी पॉलिथिलीनची कांडी मागवली होती. चऱ्याच्या कडेला उठलेले तंतू धारदार पात्याने कापले, आत चिकटलेले मेण पुसले आणि कांडी पेटवली. ज्योत पिवळी व उंच असली की काजळी धरते आणि ती थेंबाबरोबर चऱ्यात पडते. काजळी मिसळलेला तुकडा नंतर निखळतो. कांडी तळाच्या अगदी जवळ, धातूच्या पट्टीला टेकवून धरली की ज्योत लहान व निळसर राहते आणि थेंब स्वच्छ पडतात. तीन थर दिले, प्रत्येक थर थंड होऊ दिला आणि वरचा उंचवटा खरडून सपाट केला. उजेडात तिरके धरल्यावर ती जागा ओळखू येते, बोटाला मात्र लागत नाही. चरा पोलादी कडेला भिडलेला असता तर ही पद्धत टिकली नसती, तिथे तुकडा कापून बसवावा लागतो.

खिडक्या उघड्या आणि पंखा बाहेरच्या बाजूला वळवलेला होता. जाता जाता एक नोंद. एका स्नेह्यांनी जुन्या फ्लोरिनयुक्त शर्यतीच्या मेणाचा तुकडा दिला आहे. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने अशा मेणांवर २०२३-२४ च्या हंगामापासून शर्यतींत पूर्ण बंदी आणली, कारण त्यातली द्रव्ये निसर्गात जवळपास विघटित होत नाहीत आणि साठत जातात. दोन खोल्यांच्या सदनिकेत ते तापवण्याचा प्रश्नच नाही. तुकडा बरणीत बंद करून ठेवला आहे, कचऱ्यातही टाकलेला नाही.

१९ मे, रविवार

साठवणीचे मेण. सगळ्या प्रकल्पातले हे मुख्य काम, आणि करायला सर्वांत सोपे. तळ व कडा पूर्ण कोरड्या असल्याची खात्री केली, कडांवर कोरडे फडके दोनदा फिरवले, मग पॅराफिनचा जाड थर दिला, नेहमीच्या तिप्पट. इस्त्री तिरकी करून मेण कडांवरून बाजूला ओघळू दिले, म्हणजे पोलाद दोन्ही अंगांनी झाकले जाते. खरडले नाही. हा थर डिसेंबरपर्यंत तसाच राहील.

बाइंडिंगला मी काय करत नाही तेही लिहून ठेवते. पडताना बूट किती जोराला सुटावा तो आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य यांवरून ठरतो आणि तो यंत्रावर तपासून घ्यायचा असतो, म्हणून त्या स्क्रूला घरी हात लावत नाही. गंज काढण्याचे फवाऱ्याचे तेलही मारत नाही, कारण त्याने आतले कारखान्यात भरलेले ग्रीस धुऊन जाते. फक्त कोरड्या ब्रशने माती झाडली. निसटलेली स्की थांबवणाऱ्या ब्रेकचे दोन्ही पाय वर धरून ठेवायला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चकत्या कापल्या.

साठवणीची जागा पलंगाखाली ठरवली. माळा उन्हाळ्यात फार तापतो, गॅलरीत झोड येते. आईच्या जुन्या सुती साडीत प्रत्येक स्की वेगळी गुंडाळली आणि फरशीपासून दोन इंच वर लाकडी ठोकळ्यांवर आडवी ठेवली. जोडी घट्ट आवळली नाही, कारण महिनोन्‌महिने दाबून ठेवल्यास स्कीची मधली कमान चपटी होते. प्लास्टिक अजिबात वापरले नाही. आत अडकलेला ओलावा बाहेर पडायला वाट हवी.

२५ जुलै, गुरुवार

रात्रभर कोसळला आहे, खडकवासल्यातून सोडलेले पाणी नदीकाठच्या वस्त्यांत शिरले आहे, आणि कामावर जाणे शक्य नाही. आमच्या भागात पाणी नाही. खोलीतला आर्द्रतामापक ८८ टक्के दाखवतो. पलंगाखालून एक स्की काढून पाहिली. मेणाचा थर अखंड आहे, मात्र माझ्या डाव्या स्कीच्या शेपटाजवळ बोटभर जागेत मेण टवका उडाल्यासारखे निघाले आहे आणि तिथे गंजाची सुरुवात झाली आहे. पत्थर फिरवून पॅराफिनचा तुकडा गरम न करता नुसताच चोळला.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

आईने खंडेनवमीच्या पूजेत माझी कानस, मायक्रोमीटर आणि इस्त्री यांच्याबरोबर स्कीही मांडल्या. साडी सोडून, तळ वर करून. हळदकुंकू मेणाच्या थरावर पडले म्हणून मी निर्धास्त होते, पण भाचीने आपल्या स्कीवरचे मेण हौसेने एका जागी खरडून पाहिले होते, आणि कुंकू नेमके तिथे पडले. तळ इतका सच्छिद्र असतो याचा याहून चांगला पुरावा मला मिळाला नसता. ओल्या फडक्याने निघेना. संध्याकाळी गरम मेणाचे दोन हात दिले तेव्हा कुंकू गुलाबी होऊन मेणाबरोबर वर आले. किंचित छटा उरली आहे, ती भाचीला आवडते.

२९ डिसेंबर, रविवार

साठवणीचे मेण उतरवले. ॲक्रिलिकची खरडणी ४५ अंशांत धरून टोकाकडून शेपटाकडे, लांब हात. मेणाचे कुरळे कातरे वर्तमानपत्रावर गोळा केले, ३१० ग्रॅम भरले. कडा आधी मोकळ्या कराव्या लागतात, नाहीतर खरडणीला तिथे खाच पडते. कडा उजळ निघाल्या.

आता बर्फावर चालणारे मेण. स्की बर्फावर सरकते ती मुख्यतः घर्षणाच्या उष्णतेने तळाखाली तयार होणाऱ्या पाण्याच्या अतिशय पातळ पापुद्र्यावर, हे बोडन आणि ह्यूज या केंब्रिजच्या संशोधकांनी १९३९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राऊयोखच्या बर्फाच्या गुहेतल्या प्रयोगांवरून मांडले होते. मेण निवडण्याची गोष्ट त्यातूनच समजते. कडक थंडीत पापुद्रा कमी बनतो आणि बर्फाचे टोकदार स्फटिक मऊ मेणात रुततात, म्हणून मेण कठीण हवे. ओल्या बर्फात पाणी जास्त होऊन तळ चिकटतो, म्हणून मऊ आणि पाणी झिडकारणारे मेण हवे. गुलमर्गमध्ये सकाळी अफरवट डोंगराच्या वरच्या टोकाला, ३,९०० मीटरच्या पुढे, एक हवामान असते आणि दुपारी खालच्या मैदानावर दुसरेच. मी मधले घेतले आणि एका सकाळपुरते कठीण मेणाची वडी सोबत ठेवली.

अर्धा तास थंड होऊ दिले, खरडले, मग पितळी ब्रश, मग नायलॉनचा. ब्रश मारताना पांढरी पूड उडणे थांबले की पुरे. मेण तळाच्या आत हवे, वर दिसता कामा नये, ही गोष्ट भाचीच्या गळी उतरवायला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण एवढे मेहनतीने लावलेले मेण खरडून टाकायचे हे तिला पटत नाही.

२३ फेब्रुवारी २०२५, रविवार

परत आलो. यंदा बर्फ फार कमी होता. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पाही बर्फाअभावी पुढे ढकलावा लागला. पातळ थराखालून खडक डोके काढून होते, आणि त्याचा हिशोब तळावर आहे: माझ्या जोडीवर सात चरे, भाचीच्या जोडीवर चार. मे महिन्यात बुजवलेला चरा मात्र जागचा हललेला नाही. त्याच्या दोन बोटे बाजूला नवा पडला आहे.

पिशवी भरण्याआधी या वेळी खोलीवर रात्रभर स्की उभ्या ठेवल्या, कडा पुसल्या आणि पॅराफिनचा तुकडा कोरडाच घासला. पुण्यात पिशवी उघडली तेव्हा कडा करड्या होत्या, नारिंगी नव्हत्या. एक जागा सोडून: ब्रेकच्या मागे, जिथे फडके पोहोचत नाही, तिथे दीड इंच गंज आहे. त्या जागेसाठी चपट्या काडीला फडके गुंडाळून एक साधन करायचे आहे. कांडीही संपत आली आहे. अकरा चऱ्यांना पुरणार नाही, आजच मागवली.